यंत्राचे बोलणे

यंत्राला मुख नसते. परंतु म्हणून यंत्र मुके असते, असे मात्र नाही. यवतमाळ जिल्ह्यातील काळ्या मातीच्या वाटांनी कापसाची गाडी हाकणारा जुना गाडीवान ही गोष्ट चांगली ओळखून असे. रात्रीच्या प्रवासात त्याचे डोळे अर्धवट मिटलेले असले, तरी कान चाकांपाशी जागे असत. आसाचे वंगण सुकले, की चाक कुरकुरू लागे. चाकावरची लोखंडी धाव सैल झाली, की तिचा खळखळाट ऐकू येई. एखादा आरा खिळखिळा झाला, की चाकाच्या दर फेऱ्याला एक हलकासा हिसका बसे. नेहमीपेक्षा काही निराळे जाणवले, की तो गाडी थांबवी, कंदील घेऊन खाली उतरे आणि चाकाभोवती हात फिरवून पाही. बाजार गाठण्याची घाई त्यालाही असेच. परंतु वाटेत मोडलेली गाडी बाजाराला पोचत नाही, हे शहाणपण त्याला वाडवडिलांकडून मिळालेले असे.

पुढे गाडीच्या जोडीला मोटार आली, सरकी काढणारे जिनिंगचे कारखाने आले, पिठाची गिरणी आली आणि शेवटी माणूस यंत्रात बसून आकाशात गेला. यंत्रे बदलली, पण त्यांची बोलण्याची रीत बदलली नाही. काही बिघडू लागले, की ती थरथरतात. त्या थरथरीत त्यांना काय सांगावयाचे असते, हे ज्याला समजते, तोच खरा कारागीर. बैलगाडीचे बोलणे ज्याने ऐकले नाही, त्याला फार तर पायी घरी जावे लागे. उडत्या यंत्राचे बोलणे न ऐकणाऱ्याला मात्र खाली उतरावयास जमीनच नसते.

याच यवतमाळ जिल्ह्यात, महागाव तालुक्यात, फुलसावंगी नावाचे गाव आहे. त्या गावात शेख इस्माईल नावाचा एक तरुण राहत असे. सारे त्याला मुन्ना म्हणत. आठवीनंतर त्याची शाळा सुटली. परंतु शिकण्याची हौस सुटली नाही. वेल्डिंगच्या कामात त्याचा हात बसला होता. पत्रा कापावा, वाकवावा, ठिणग्यांच्या वर्षावात जोडावा आणि त्यातून लोकांच्या घरांसाठी कपाटे व कूलर घडवावेत, हा त्याचा रोजचा उद्योग. पण त्याचे मन पत्र्याच्या कपाटात मावणारे नव्हते. एका हिंदी चित्रपटातील कल्पक विद्यार्थ्याची कथा पाहून त्याच्या मनाने उचल खाल्ली, आणि आपणही एक हेलिकॉप्टर बनवावे असा त्याने निश्चय केला.

खेड्यातला वेल्डर आणि हेलिकॉप्टर! ऐकणाऱ्याला हसू यावे अशीच ही गोष्ट. मुन्ना मात्र कामाला लागला. मोबाईलवरील चित्रफिती पाहून त्याने माहिती गोळा केली. जुन्या मारुती मोटारीचे इंजिन मिळविले. लोखंडी नळ्यांचा सांगाडा उभा केला, त्यावर बैठक बसविली, डोक्यावर मोठा पंखा आणि शेपटीला लहान पंखा जोडला. दिवसा पोटापाण्याचे काम आणि उरलेल्या वेळी हे स्वप्नाचे काम, असा त्याचा क्रम सुमारे दोन वर्षे चालला होता. त्या यंत्राला त्याने आपलेच नाव दिले होते, ‘मुन्ना हेलिकॉप्टर’. २०२१ सालच्या स्वातंत्र्यदिनी ते सर्वांसमोर आणावे आणि आपल्या फुलसावंगीचे नाव दूरवर पोचवावे, ही त्याची मनीषा होती.

तो दिवस चार-पाच दिवसांवर आला असता, ऑगस्ट महिन्यातील एका रात्री तो यंत्राची चाचणी घेण्यासाठी आत बसला. यंत्र जमिनीवरच होते. इंजिन सुरू झाले, पंखे गरगर फिरू लागले. इतक्यात शेपटीकडच्या पंख्याचे पाते तुटले. ते उडून डोक्यावरच्या मोठ्या पंख्यावर आदळले, आणि त्या फिरत्या पंख्याचा घाव आत बसलेल्या मुन्नावर आला. त्याला रुग्णालयात नेण्यात आले. परंतु त्याचे प्राण वाचू शकले नाहीत. जे यंत्र गावकऱ्यांच्या कौतुकाचा विषय व्हावयाचे, ते त्यांच्या शोकाचा विषय झाले.

अशी वार्ता कानी आली, की लोक चटकन दोहोंपैकी एका बाजूला झुकतात. कोणी म्हणतो, ‘हा नसता उपद्व्याप होता.’ कोणी म्हणतो, ‘केवढा बुद्धिमान मुलगा हा! दैवाने घात केला.’ पहिल्या म्हणण्यात माया नाही आणि दुसऱ्यात विचार नाही. हातात आठवीपर्यंतचे शिक्षण आणि वेल्डिंगची नळी एवढेच असताना आकाशाकडे पाहणे, हा काही दोष नव्हे. जगातील पहिले विमान बनविणारेही सायकली दुरुस्त करणारेच होते. तेव्हा मुन्नाने असे धाडस करावयास हवे होते की नको, हा प्रश्न बाजूला ठेवावा. विचारण्यासारखा प्रश्न निराळा आहे. जो कोणी आपल्या हातांनी उडते यंत्र बांधतो, त्याला हस्तकौशल्याखेरीज आणखी काय अंगी बाणवावे लागते?

याचे उत्तर शोधण्यासाठी आधी फिरणाऱ्या वस्तूचा स्वभाव समजून घेतला पाहिजे. दोरीला दगड बांधून तो गोल फिरविला, तर दोरी हाताला ओढ देते, हे सर्वांना ठाऊक आहे. दगड जितका जोराने फिरवावा, तितकी ओढ वाढते. वेग दुप्पट झाला, तर ओढ दुप्पट होत नाही, ती चौपट होते. विमानाच्या पुढच्या पंख्याची दोन पाती म्हणजे अशा दोरीला बांधलेले दोन दगडच. दोन्ही अगदी सारख्या वजनाची असतील, तर एकाची ओढ दुसऱ्याच्या ओढीने फिटून जाते आणि पंखा शांतपणे फिरतो. पण एक पाते दुसऱ्याहून थोडे जड असेल तर?

समजा, मध्यापासून अर्ध्या मीटरवर एका पात्यात केवळ १० ग्रॅम वजन अधिक आहे. १० ग्रॅम म्हणजे सराफाचा आजचा एक तोळा. मिनिटाला २४०० फेरे या गतीने पंखा फिरू लागला, की त्या एका तोळ्याची ओढ सुमारे ३२ किलो होते. सहावी-सातवीतला एखादा मुलगा त्या दांड्याला लोंबकळावा, तेवढी ही ओढ झाली. आणि ती एका बाजूला स्थिर राहत नाही. पंख्याबरोबर तीही फिरते. आता वर, आता खाली, आता डावीकडे, आता उजवीकडे, अशी सेकंदाला ४० वेळा. हीच ती थरथर. बैठकीला, सुकाणूला, वैमानिकाच्या तळपायांना ती जाणवते. एका तोळ्याचा हा पराक्रम!

थरथर केवळ त्रासदायक असती, तर ती सोसता आली असती. पण ती धातूला थकविते. लोखंडी तार एकदा वाकविली तर तुटत नाही. तीच तार एका जागी पुनःपुन्हा वाकवीत राहिले, की बोटांत फारसा जोर नसतानाही तिचे दोन तुकडे होतात. विमानातील दांडे, बोल्ट आणि वेल्डिंगचे सांधे यांचीही तीच गत. सेकंदाला ४० धक्के म्हणजे तासाला १,४४,००० धक्के. कोठे तरी डोळ्यांना न दिसणारी चीर पडते, ती केसाएवढी होते, हळूहळू वाढते आणि एका क्षणी तो भाग अचानक सुटून येतो. तो क्षण अचानक वाटतो खरा; परंतु त्याची तयारी कित्येक तास चाललेली असते.

हेलिकॉप्टरमध्ये तर हा धोका अधिकच असतो. डोक्यावरचा मोठा पंखा एका दिशेने फिरतो, तेव्हा खालचे सगळे यंत्र उलट दिशेने फिरू पाहते. त्याला आवर घालण्यासाठी शेपटीला आडवा जोर देणारा लहान पंखा बसवितात. म्हणजे एकाच यंत्रात दोन निरनिराळे पंखे, त्यांचे निरनिराळे वेग, निरनिराळे धक्के, आणि त्यांच्यामध्ये बसलेला माणूस. अशा यंत्रात कोणताही फिरता भाग तुटला, तर तो बंदुकीच्या गोळीसारखा सुटतो.

आता ज्या दोन सायकलवाल्यांचा उल्लेख वर आला, त्यांची हकीकत पाहावी. विल्बर आणि ऑर्व्हिल राइट हे अमेरिकेतील डेटन गावचे दोघे भाऊ. त्यांनी महाविद्यालयाची पायरी चढली नव्हती. सायकलींच्या दुकानात मिळालेल्या पैशांतून त्यांनी विमान बांधले आणि १९०३ सालच्या शरद ऋतूत किटी हॉक येथील वाळूच्या मैदानावर ते नेले. ५ नोव्हेंबरला त्यांनी विमानावर बसविलेले इंजिन पंख्यांसह प्रथमच चालवून पाहिले. इंजिन अडखळत चालू लागले. त्याच्या हिसक्यांनी सगळे यंत्र हादरले, दातेरी चाके सैल झाली आणि पंखे फिरविणारे पोलादी नळीचे दांडे बिघडले.

दांडे दुरुस्तीसाठी दूर डेटनला पाठवावे लागले. २० नोव्हेंबरला ते अधिक जाड नळीचे होऊन परत आले. ते बसविले, तो दातेरी चाके पुन्हा सैल! तेव्हा त्या भावांना सायकलीच्या दुकानातली युक्ती आठवली. सायकलीचा टायर चाकाला घट्ट चिकटविण्याचे जे लुकण असते, ते त्यांनी चाकांच्या आट्यांत ओतले, आणि चाके जागच्या जागी बसली. आता तरी उडावे, असे कोणालाही वाटले असते. पण त्यांनी पुन्हा पुन्हा जमिनीवरच चाचण्या घेतल्या आणि प्रत्येक चाचणीनंतर यंत्राचा एक एक भाग निरखून पाहिला. २८ नोव्हेंबरला एका दांड्यावर त्यांना केसासारखी बारीक चीर दिसली.

त्या वेळची त्यांची अवस्था डोळ्यांसमोर आणावी. हिवाळा येऊन ठेपला होता. रात्री भांड्यातले पाणी गोठत होते. वॉशिंग्टनजवळ सॅम्युएल लँग्ली नावाचे नामांकित शास्त्रज्ञ सरकारी पैशाच्या बळावर विमान उडविण्याच्या खटपटीत होते. कोण आधी उडतो, याची जणू शर्यतच लागलेली होती. अशा वेळी एक बारीकशी चीर! ‘एकदा उडून तर पाहू,’ असे म्हणण्याचा मोह किती मोठा असेल! परंतु ऑर्व्हिल यांनी आपले सामान उचलले आणि नवे दांडे घडविण्यासाठी ते स्वतः डेटनला गेले.

केवळ दांडे बदलून ते थांबले नाहीत. दांडे का बिघडतात, याचा त्या भावांनी विचार केला. पोकळ नळीचे जाड दांडे बळकट होते. सारखा, एकसंध जोर त्यांनी सहज पेलला असता. पण इंजिनाचा जोर सारखा नव्हता, तो हिसक्याहिसक्यांनी येत होता, आणि त्या ताठर नळ्यांना लवणे ठाऊक नव्हते. वाळलेली जाड फांदी कडकन मोडते. वेताची बारीक काठी लवते आणि टिकते. म्हणून त्यांनी पोकळ दांड्यांऐवजी कमी जाडीचे, भरीव, थोडीशी लवचिकता असलेले पोलादी दांडे घेतले. ८ डिसेंबरला लँग्ली यांचे यंत्र पोटोमॅक नदीत कोसळले. ११ डिसेंबरला ऑर्व्हिल नवे दांडे घेऊन परतले. १७ डिसेंबरला त्यांचे विमान १२ सेकंद हवेत राहिले आणि १२० फूट गेले. त्या १२ सेकंदांचा गौरव जग आजही करते. परंतु त्यांच्यामागे थांबण्याचे सहा आठवडे उभे आहेत, हे फारसे कोणी सांगत नाही.

हेलिकॉप्टरच्या इतिहासातही हेच दिसते. ईगोर सिकॉर्स्की हे रशियातून अमेरिकेत आलेले मोठे अभियंते. मोठमोठी विमाने त्यांनी आधीच बांधली होती. तरीही १४ सप्टेंबर १९३९ रोजी त्यांनी आपले व्ही. एस. ३०० हे हेलिकॉप्टर जमिनीवरून प्रथम उचलले, तेव्हा ते दोरांनी खाली बांधून ठेवलेले होते. ते काही सेकंद थोडेसेच वर गेले. यंत्र थरथरत होते, नीट ताब्यात येत नव्हते. सिकॉर्स्की यांनी ते पुन्हा पुन्हा सोडविले, बदलले, जोडले. मोकळ्या आकाशात ते यंत्र सोडण्यास त्यांनी १३ मे १९४० पर्यंत, म्हणजे आठ महिने, वाट पाहिली. एवढ्या जाणत्या माणसालाही आपले यंत्र दोरांनी बांधून ठेवण्यात कमीपणा वाटला नाही.

आज जगात अनेक ठिकाणी हौशी लोक आपल्या घरी लहान विमाने बांधतात आणि रीतसर परवानगी घेऊन ती उडवितात. अशा एखाद्या विमानात आकाशात असताना थरथर सुरू झाली, तर जाणता माणूस काय करतो? प्रथम तो इंजिनाचा वेग कमी करतो आणि जवळच्या धावपट्टीकडे वळतो. ‘थोडे पुढे जाऊन पाहू, कदाचित आपोआप थांबेल,’ असे तो म्हणत नाही. मात्र उतरताना तो एका गोष्टीकडे बारीक लक्ष ठेवतो. इंजिन मंद केले, तेव्हा थरथर बदलली काय? की विमानाचा वेग बदलला, तेव्हा ती बदलली? थरथर इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर बदलत असेल, तर दोष पुढे, पंख्यात किंवा इंजिनात शोधावयाचा. ती विमानाच्या वेगाबरोबर बदलत असेल, तर पंखांच्या अथवा शेपटीच्या हलत्या फळ्या, त्यांच्या बिजागऱ्या, सैल झालेले एखादे झाकण यांच्याकडे पाहावयाचे. एवढ्या एका प्रश्नाने अर्धे विमान शोधातून वगळले जाते.

कधी कधी थरथर एका ठराविक गतीलाच येते आणि त्याखाली व त्यावर नाहीशी होते. झोपाळ्याला त्याच्या लयीत हलकेसे धक्के दिले, तरी तो उंच जातो. तसेच हे आहे. यंत्राच्या प्रत्येक भागाची आपली एक लय असते, आणि धक्क्यांची लय तिच्याशी जुळली, की लहान धक्काही मोठी थरथर उठवितो. म्हणून ती कोणत्या गतीला आली, तो आकडा जाणता माणूस वहीत टिपून ठेवतो.

खाली उतरल्यावर खरे काम सुरू होते. इंजिन बंद करून आणि ते चुकूनही सुरू होणार नाही अशी व्यवस्था करून तो पंख्याच्या टोकाजवळ एक खुंटी उभी करतो. मग पंखा हाताने सावकाश फिरवून दोन्ही पात्यांची टोके खुंटीपासून सारख्याच अंतरावरून जातात की नाही, हे पाहतो. एक टोक पुढे आणि दुसरे मागे जात असेल, तर पंखा वाकडा बसलेला आहे. नंतर तो पंखा काढून दांडीवर तोलून पाहतो. जड पाते खाली झुकते. पात्याला खडा लागून खाच पडली आहे काय, हे पाहतो. पंखा लाकडी असेल, तर तो उभा ठेवला गेला होता काय, हेही आठवतो. कारण पावसाळ्यात उभ्या पंख्याच्या खालच्या पात्यात ओल उतरते आणि ते जड होते. मग बोल्ट सारखे आवळलेले आहेत काय, इंजिनाखालच्या रबरी गाद्या चिरल्या आहेत काय, एखादा स्पार्क प्लग काजळीने भरून एक सिलिंडर थंड पडला आहे काय, अशी एक एक शंका तो फेडून घेतो.

यात त्याचे दोन नियम असतात. पहिला नियम, एका वेळी एकच गोष्ट बदलावयाची आणि मग चाचणी घ्यावयाची. चार गोष्टी एकदम बदलल्या आणि थरथर थांबली, तर ती कोणत्या उपायाने थांबली हे कधीच कळत नाही. मग दोष कदाचित लपून राहतो आणि पुढे पुन्हा डोके वर काढतो. दुसरा नियम त्याहून महत्त्वाचा. थरथर लपवावयाची नाही. बैठकीखाली जाड उशी घातली, तर वैमानिकाला थरथर जाणवणार नाही. पण बोल्टांना ती जाणवतच राहील. ताप आलेल्या माणसाचा थर्मामीटर फोडून ताप उतरत नाही.

असा धीर धरणारी माणसे आपल्या महाराष्ट्रातही आहेत. मूळचे सातारा जिल्ह्यातील वैमानिक अमोल यादव यांनी १९९८ मध्ये स्वतः विमान बांधण्याचा पहिला प्रयत्न केला. ते विमान उडाले नाही. दुसरेही उडाले नाही. मग मुंबईत कांदिवली येथे आपल्या राहत्या इमारतीच्या गच्चीवर त्यांनी तिसरे विमान बांधले. २०१६ च्या फेब्रुवारी महिन्यात मुंबईतील प्रदर्शनात लोकांनी ते पाहिले. २०१७ मध्ये त्याची सरकारदरबारी नोंद झाली. त्यानंतरही परवानगी, तपासणी आणि जमिनीवरच्या चाचण्या यांत वर्षे गेली, आणि २०२० मध्ये धुळ्याच्या धावपट्टीवरून त्याने आकाशात झेप घेतली. पहिल्या प्रयत्नापासून हा काळ मोजला, तर तो बावीस वर्षांचा भरतो.

यादव हे शिकलेले वैमानिक होते. विमान कसे वागते, हे त्यांना आकाशात बसून समजलेले होते. राइट बंधू दोघे होते. एकाच्या नजरेतून सुटलेले दुसऱ्याच्या नजरेला पडत असे. सिकॉर्स्कींच्या पाठीशी एक सबंध कारखाना होता. फुलसावंगीच्या मुन्नाजवळ मोबाईलवरच्या चित्रफिती होत्या. चित्रफीत पुष्कळ काही दाखविते. परंतु समोरच्या यंत्रावर हात ठेवून, ‘थांब, हा आवाज बरोबर नाही,’ असे ती सांगत नाही. ते सांगण्यासाठी जाणता माणूसच शेजारी असावा लागतो. एखाद्या तंत्रशाळेतील गुरुजी, एखादा अनुभवी मिस्त्री, एखादा अभियंता असा कोणी तरी. आणि असे कोणी नसेल, तर निदान एवढा दंडक स्वतःला घालून घ्यावा लागतो, की नव्या यंत्राची पहिली चाचणी त्याच्या आत बसून करावयाची नाही. ते जमिनीला जखडून, दुरून, आडोशामागून आणि हळूहळू वेग वाढवीतच करावयाची.

धैर्य दोन प्रकारचे असते. एक आकाशाकडे झेप घेण्याचे. ते लोकांना दिसते, त्याच्या कथा होतात. दुसरे थांबण्याचे. सारे गाव वाट पाहत असताना, दिवस ठरलेला असताना, ‘आज नाही, यंत्र अजून काही सांगत आहे,’ असे म्हणण्याचे. या दुसऱ्या धैर्याला टाळ्या मिळत नाहीत. उलट कधी कधी हसे होते. पण पहिले धैर्य त्याच्याच खांद्यावर उभे राहते.

फुलसावंगीच्या त्या तरुणाजवळ पहिले धैर्य भरपूर होते. कोणत्याही गावाला अभिमान वाटावा, इतके होते. दुसऱ्या धैर्यासाठी लागणारी सोबत, साधने आणि शिकवण अशा मुलांना मिळवून देणे, हे काम मात्र एकट्या मुलाचे नसते; ते त्याच्या गावाचे, शाळेचे आणि समाजाचेही असते. आजही विदर्भातील कितीतरी लहान दुकानांत काळवंडलेल्या हातांची मुले लोखंड जोडीत बसलेली आहेत. त्यांच्यातील एखाद्याच्या मनात पंख फुटत असतील. त्याला हसू नये. त्याला ‘शाबास’ म्हणावे, त्याच्या हाती माप, वजन आणि वही द्यावी, आणि त्याच्या यंत्रावर आपलाही हात ठेवून त्याच्याबरोबर कान देऊन ऐकावे.